शिवॉन मॅकेनावर एकपात्री बसवायचंय? मग हे करून बघा

परदेशी नटीवर एकपात्री करायचं ठरलं की आपल्याकडची पोरं आधी सिनेमांची लिस्ट काढतात. शिवॉन मॅकेना या आयरिश नटीच्या बाबतीत प्लीज तसं नका करू. 'डॉक्टर झिवागो'त ती आहे, 'किंग ऑफ किंग्ज'मध्ये येशूची आई झालीये, पण बाईचा जीव स्टेजवरच होता.

जन्म १९२३ बेलफास्ट, मृत्यू १९८६ डब्लिन, हे एका वाक्यात उरका. वेळ गॉलवेला द्या, कारण ती वाढली तिथे, घरात आयरिश बोलायचे, वडील गणिताचे प्रोफेसर, आणि नाटकाची सुरुवातही तिथल्याच आयरिश भाषेच्या थिएटरात झाली, मग डब्लिनचं ॲबी थिएटर. बर्नार्ड शॉचं 'सेंट जोन' (फ्रान्सच्या जोन ऑफ आर्क या खेडवळ पोरीवरचं नाटक) तिने स्वतः आयरिशमध्ये आणून आधी त्या भाषेत केलं, इंग्लिशमध्ये लंडन आणि १९५६ ला न्यूयॉर्क गाजवलं ते नंतर, आणि तिथेही तिची जोन आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या खेड्यातल्या मुलीसारखीच बोलायची! मला तर हेच सगळ्यात भारी वाटतं. म्हणून तुमची जोन पुणेरी बोलता कामा नये, निफाड-दिंडोरीकडची पोरगी शेतातून येऊन सरदारासमोर उभी राहिली तर जशी बोलेल तशी बोलू द्या.

आता आवाज. जेम्स जॉइसच्या 'युलिसिस' कादंबरीतल्या मॉली ब्लूमच्या स्वगताचं तिचं रेकॉर्डिंग आहे ते मिळवा. मूळ मजकुरात विरामचिन्हं जवळपास नाहीतच, म्हणजे कुठे थांबायचं ते सगळं तिने ठरवलेलं. मजकूर समोर घ्या, पेन्सिलीने ती जिथे श्वास घेते तिथे बारीक रेघ मारा, दोन पानं झाली की कळेल की ती वाक्य संपलं म्हणून थांबत नाही, मनात नवीन काहीतरी आलं की थांबते. मग आपली मराठी संहिता पण स्वल्पविराम काढून लिहा आणि मोठ्याने वाचत स्वतःच्या जागा शोधा, आठवडाभर तरी हेच करा, पाठांतर नंतर.

शेवटाकडे शिवॉनने केलेली मोमो हवीच. आयरिश नाटककार टॉम मर्फीचं 'बेलेगॅनगायर' हे नाटक, १९८५, परत गॉलवेच. मोमो ही म्हातारी अंथरुणात पडून एकच गोष्ट रोज सांगते आणि कधी पुरी करत नाही, नात वैतागलीये. जोन ते मोमो हा बदल मेकअपने नका दाखवू, शाल खांद्यावरून डोक्यावर घेतली तरी पुरे, बाकी आवाजाने करा. नाशिकच्या सायखेडकर किंवा कालिदास नाट्यगृहात तालमीची वेळ मिळाली तर एकाला शेवटच्या रांगेत बसवा आणि माइक बंद ठेवा.

आणि हो, शॉचे संवाद भारतात आता वापरता येतात, लेखक जाऊन ६० वर्षं झाली की हक्क संपतात, फक्त मराठी भाषांतर तुमचं तुम्ही करा. मर्फी मात्र २०१८ ला गेले, त्यांची एक ओळ जरी घ्यायची तरी परवानगी लागेल, तर स्पर्धेची प्रवेशिका भरायच्या आधीच मेल टाकून ठेवा, उत्तर नाही आलं तर मोमोचा प्रसंग तुमच्या शब्दांत नुसता वर्णन करून सांगा.