दहावीचं इंग्लिश आधी आजीला मराठीतनं सांगा

फेब्रुवारी लागला की माझ्याकडं ट्यूशनला येणारी पोरं एकच रडगाणं घेऊन बसतात, अक्का इंग्लिशचं काय करू, कायबी डोक्यात राहीना. आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर बाजूची मराठी मिडियमची पोरं ही, पहिली भाषा मराठी, दुसरी इंग्लिश, तिसरी कानडी, आणि कानडी बाजारात, बसमध्ये कानावर पडून पडून निभावतं पण इंग्लिश घशात अडकतंय. एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटक बोर्डाच्या दहावीला, इंग्लिशचे लेखी ८० आणि शाळेकडचे २०. त्या २० चं टेन्शन घेऊ नका, प्रोजेक्ट वेळेत द्या म्हणजे झालं. खरं काम ८० चं.

पहिलं काय करायचं तर गाईड मिटून कपाटावर टाकायचं. कायमचं नाही ओ, पंधरा दिवस फक्त. मी स्वतः दहावीला गाईडातली उत्तरं कॉमा-फुलस्टॉपसकट पाठ केलेली, पेपरात प्रश्न जरासा फिरवून आला आणि मी पाठ केलेलंच उत्तर तिथं चिकटवून आले, त्याला किती पडले ते अजून घरी सांगितलेलं नाही.

त्यापेक्षा असं करा. धडा एकदा मोठ्यानं वाचा, अडलेले शब्द सरांना नाहीतर डिक्शनरीला विचारा, आणि संध्याकाळी आजी जोंधळे निवडत बसली असेल तिथं जाऊन तो धडा तिला आपल्या मराठीत सांगा. आर. के. नारायण यांचा स्वामीचा धडा घ्या. वाघाशी झुंजलेल्या पोराची बातमी पेपरात वाचून स्वामीचे वडील म्हणतात ताकदीपेक्षा धाडस मोठं, स्वामीला ते पटत नाही, मग वडील म्हणतात दाखव धाडस, आज रात्री माझ्या ऑफिसच्या खोलीत एकटा झोप. पोरगं घाबरून बेंचाखाली शिरतंय, अंधारात कोणतरी हलतंय, हा त्याचा पाय कचकन चावतोय आणि तो निघतोय चोर! आजी मध्येच विचारणार, आरं पण त्याला एकट्याला झोपवलं कशाला? बास, हाच तुमचा पेपरातला दोन मार्कांचा प्रश्न. आजी जे जे विचारेल ते वहीत लिहून ठेवा, गाईडवाल्यापेक्षा तिचे प्रश्न भारी असतात.

मग इंग्लिश. लांबलचक वाक्यं करायला जाऊ नका, तिथंच माती होते. स्वामी वॉज अफ्रेड. ही क्रॉल्ड अंडर द बेंच. ही बिट द बर्गलर्स लेग. एका वाक्यात एकच काम, आणि काळ सगळीकडं भूतकाळच ठेवा, मध्येच क्रॉल्स मध्येच क्रॉल्ड असलं नको. गोष्ट डोक्यात मराठीत पक्की असेल तर प्रश्न कसाबी फिरवून येऊ दे, तुम्ही अडत नाही.

रिओ एन मेदिओ या खेड्यातल्या म्हाताऱ्या डॉन अन्सेल्मोचा धडा तर आपल्या पोरांना लगेच कळतो. जमीन विकली पण झाडं माझी नव्हेत, ती गावातल्या पोरांची, असं तो म्हणतो. गावात एका फणसाच्या झाडावरनं भाऊबंदकी बघितलेल्या पोराला हे काय समजावून सांगायचं! तसंच शेक्सपिअरच्या नाटकातल्या पोर्शियाचं. ते भाषण कवितेसारखं घोकू नका, कोर्ट भरलंय, सावकार शायलॉक अडून बसलाय आणि ती त्याला दया दाखव म्हणतेय, असं चित्र डोळ्यासमोर आणा. संदर्भासहित स्पष्टीकरणाला हेच लागतं, कोण बोललं, कुणाला, का. मी प्रत्येक धड्याचं एक पान करायला लावते, त्यावर फक्त ही तीन उत्तरं. (साँग ऑफ इंडिया कवितेच्या कवीचं आडनाव गोकाक, आपल्याच जिल्ह्यातल्या गावाचं, ते बघून पोरं आपल्याकडचा कवी म्हणून खूश होतात, पण जन्म तिकडं हावेरी जिल्ह्यातल्या सावनूरचा हां.)

कविता पाठ करायची असते ती मात्र घोकायचीच, त्याला इलाज नाही. बसस्टॉपवर उभं राहून म्हणा, गोठ्यात म्हणा, पण दिवसातनं एकदा लिहून बघा, कारण तोंडानं येणारं आणि स्पेलिंगसकट हातानं येणारं यात लै फरक आहे.

पत्र म्हणजे हातात आयते पडलेले मार्क. एक अर्जाचं आणि एक घरगुती, दोन्ही साचे दहा दहा वेळा लिहा. पोरं एक चूक हमखास करतात, प्रश्नात नाव-पत्ता दिलेला असतो आणि ही स्वतःचं नाव आणि आपल्या गल्लीचा पत्ता ठोकून येतात. दिलेलाच लिहायचा. ग्रामर रोज दहा मिनिटं, ॲक्टिव्ह-पॅसिव्ह आणि रिपोर्टेड स्पीच, यापेक्षा जास्त त्यावर मी बोलत नाही. बोर्डाचे मॉडेल पेपर मिळतात ते घड्याळ लावून निदान तीन तरी सोडवा.

आता आपल्याकडची खरी अडचण, परीक्षा आणि गावची यात्रा एकाच सुमाराला. रात्रभर डीजे, घरात पाव्हणे, मटणाचा वास, अभ्यास कुठनं होणार? यात्रा जवळ असेल तर मधले तीन दिवस वहीत आधीच शून्य धरा, चार दिवस मामाकडं राहायला जा नाहीतर पहाटे चारला उठा, तेव्हा पाव्हणेबी झोपलेले असतात.

पेपर हातात आला की वाचायला १५ मिनिटं मिळतात, त्यात इकडंतिकडं बघत बसू नका. पाठ कविता आणि पत्राला खूण करा, लिहायला सांगितलं की आधी कविता उतरवा, विसरायच्या आत. नंतर धडे. प्रश्नाचा नंबर मार्जिनमध्ये नीट टाका. शेवटची दहा मिनिटं फक्त फुलस्टॉप आणि कॅपिटल बघायला ठेवा.

आणि २०२४ पासनं बोर्ड वर्षात एकापेक्षा जास्त परीक्षा घेतंय, त्यातले चांगले मार्क धरतात. हे आईबापांसाठी लिहिलंय, पोरांना पहिला पेपर होईपर्यंत सांगू नका.