'दॅट'नंतरचं कॅपिटल

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून आता इंग्रजीत प्रबंध लिहायला बसलेल्यांसाठी हे लिहितेय. अवतरणचिन्हं कुठे उघडायची, पान क्रमांक कुठे टाकायचा, एवढं तुम्हाला येतं असं धरते. मला छळलं, अजूनही छळतं, ते अवतरणाच्या पहिल्या अक्षराने.

समजा, मूळ पुस्तकातलं वाक्य 'विमेन' या शब्दाने सुरू होतं, म्हणून डब्ल्यू कॅपिटल. तुम्ही लिहिलंत 'द ऑथर आर्ग्यूज', मग स्वल्पविराम, मग अवतरण. डब्ल्यू कॅपिटलच राहिला, ठीक. आता स्वल्पविराम काढून 'दॅट' घाला. अवतरण तुमच्याच वाक्याच्या पोटात गेलं, त्यामुळे डब्ल्यू लहान हवा. पण मुळात तर तो मोठा होता! म्हणून एमएलए (मॉडर्न लँग्वेज असोसिएशनची लेखनशैली) सांगते की लहान केलेला डब्ल्यू चौकटी कंसात घाला. कंसात फक्त ते अक्षर, अख्खा शब्द नाही. एपीएची (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या शैलीची) सातवी आवृत्ती मात्र म्हणते, पहिलं अक्षर खुशाल लहान-मोठं करा, कंस नको. शिकागो या तिसऱ्या शैलीतही एरवी कंसाशिवाय चालतं. कायद्याच्या किंवा पाठचिकित्सेच्या (ग्रंथाचे वेगवेगळे पाठ ताडून बघण्याच्या) लेखनात मात्र कंस लागतो.

म्हणजे प्रबंधाचे गाइड कंस घालायला लावतात, नियतकालिकाचे संपादक तोच काढायला लावतात, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. तुम्ही मात्र आपलं इंग्रजीच कच्चं आहे असं समजून रात्रभर कुढत बसता. तसं नसतं हो. देवनागरीत लहान-मोठी अक्षरंच नाहीत, त्यामुळे आपल्या डोळ्यांना ती शोधायची सवय नाही. ती चूक इंग्रजी माध्यमवाल्यांना पान चाळताना खटकते, मला ओळीवर बोट ठेवून शोधावी लागते. म्हणून प्रकरण संपलं की वर्डच्या फाइंडमध्ये 'दॅट', एक स्पेस आणि अवतरणचिन्ह टाकते आणि जेवढी ठिकाणं सापडतील तेवढी एकेक करून बघते. काम कंटाळवाणं आहे, पण दुसरा खात्रीचा मार्ग मला तरी सापडलेला नाही.

शोधगंगेवरचा (भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यातला) एखादा प्रबंध उघडून त्याच्यासारखं करायचं, हा सीनियर लोकांचा लाडका सल्ला. मुळीच ऐकू नका. एमएलएची सातवी आवृत्ती २००९ची, आठवी २०१६ची, नववी २०२१ची. समोरचा प्रबंध कोणत्या आवृत्तीने लिहिलाय हे कुणी तपासत नाही. व्याकरण तपासणाऱ्या सॉफ्टवेअरवर तर माझा रागच आहे. ते अवतरणाच्या आतलं लेखकाचं इंग्रजीही सुधारायला सुचवतं. सगळे बदल एका क्लिकमध्ये स्वीकारलेत, तर लेखकाने न लिहिलेलं वाक्य त्याच्या नावावर जातं. ही शुद्धलेखनाची चूक राहत नाही, फार महागात पडते.

बाकीचं सोपं आहे. अमेरिकन पद्धतीत स्वल्पविराम आणि पूर्णविराम अवतरणचिन्हांच्या आत. पण कंसातला संदर्भ लगेच येत असेल तर पूर्णविराम कंसानंतर. अर्धविराम नेहमी बाहेर. प्रश्नचिन्ह मूळ लेखकाचं असेल तर आत, तुमचं असेल तर बाहेर. एपीएत ४० किंवा जास्त शब्दांचं अवतरण वेगळ्या परिच्छेदात, आत सरकवून, अवतरणचिन्हांशिवाय. तिथे मात्र पूर्णविराम आधी आणि संदर्भ नंतर.

गाइडना पहिल्याच भेटीत विचारा: कोणती शैली, कितवी आवृत्ती? "नेहमीचीच" असं उत्तर आलं तर विभागाचा नियम ईमेलवर मागून घ्या. विचारायला लाजू नका, त्यांनाही बहुधा उघडून बघावंच लागतं.