मायएसक्यूएल विंडोजमधून मुळापासून कसं काढायचं

परवा रात्री साडेदहाला मावसबहिणीचा फोन, दादा मी मायएसक्यूएल (डेटाबेसचं सॉफ्टवेअर) तीन वेळा काढून परत टाकलं तरी ते जुनाच रूट पासवर्ड, म्हणजे मुख्य युजरचा पासवर्ड, मागतंय आणि सकाळी प्रॅक्टिकल आहे. बीसीए, बीएससीच्या पहिल्या वर्षाला बरीच मुलं इथेच अडकतात म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आधी हे समजून घ्या की प्रोग्राम एका जागी असतो आणि डेटा दुसऱ्या जागी. तुमचा पासवर्ड प्रोग्राममध्ये नसतोच, तो डेटाबरोबर असतो, आणि अनइन्स्टॉल करताना डेटा काढायला वेगळं सांगितलं नाही तर तो तसाच मागे राहतो, कारण त्यात कोणाचं वर्षभराचं काम असू शकतं. मग नवीन टाकलेल्या सर्व्हरला तोच जुना फोल्डर सापडतो आणि त्याबरोबर जुना पासवर्डही.

त्यामुळे पहिलं काम बॅकअप. लॉगिन होत असेल तर वर्कबेंचमध्ये (मायएसक्यूएल वापरायची खिडक्या-बटणांची अ‍ॅप) सर्व्हर मेनूतून डेटा एक्स्पोर्ट करा. होत नसेल तर सर्व्हिस, म्हणजे मागे गुपचूप चालू असलेला सर्व्हर, बंद केल्यावर (खाली सांगतोय) सी ड्राइव्हमधल्या प्रोग्रामडेटा, त्यात मायएसक्यूएल, त्यात सर्व्हर 8.0, तिथला डेटा फोल्डर अख्खाच्या अख्खा पेनड्राइव्हवर घ्या. फक्त आपल्या डेटाबेसचा फोल्डर उचलून भागत नाही, बाकीच्या फाइल्सही लागतात. प्रोग्रामडेटा दिसत नसेल तर घाबरू नका, तो हिडन असतो, एक्स्प्लोररच्या व्ह्यूमध्ये जाऊन हिडन आयटम्स चालू करा.

आता सर्व्हिस. स्टार्टमध्ये सर्व्हिसेस शोधा, यादीत मायएसक्यूएल80 असेल, राइट क्लिक करून स्टॉप, आणि मग ती खिडकी बंद करा. बंद करायला विसरू नका, ती उघडी राहिली तर पुढे सर्व्हिस काढताना 1072 नंबरची एरर येऊ शकते, म्हणजे सर्व्हिस डिलीटसाठी मार्क झाली पण गेली नाही.

मग कंट्रोल पॅनेलमधून अनइन्स्टॉल. मायएसक्यूएल इन्स्टॉलर (मायएसक्यूएलचे सगळे भाग टाकणारा-काढणारा प्रोग्राम) असेल तर त्यातूनच रिमूव्ह करा, तो डेटा फोल्डरही काढायचा का असं विचारतो, बॅकअप झाला असेल तर हो म्हणा. सर्व्हर, वर्कबेंच, शेल, कनेक्टर असे मायएसक्यूएलचे सगळे भाग गेले की शेवटी इन्स्टॉलर स्वतः. यादीत मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी++ दिसेल, त्याला हात लावू नका, ते बाकीच्या प्रोग्रामनाही लागतं. आणि अनइन्स्टॉल न करता थेट फोल्डर उडवायचा हे तर अजिबात करू नका, बहिणीने एकदा तेच केलं होतं, त्याने फाइल्स जातात पण विंडोजच्या यादीत नाव राहतं, सर्व्हिस राहते आणि अनइन्स्टॉल पण नीट होत नाही. तसं झालंच असेल तर मायक्रोसॉफ्टचा प्रोग्राम इन्स्टॉल अँड अनइन्स्टॉल ट्रबलशूटर मिळतो, तो चालवून बघा.

एवढं करूनही सर्व्हिस यादीत दिसली तर कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि एससी डिलीट मायएसक्यूएल80 ही कमांड द्या, इंग्रजी अक्षरात, मधे एकेक स्पेस. हे विंडोजबरोबर येणाऱ्या पॉवरशेलमध्ये, म्हणजे कमांड द्यायच्या दुसऱ्या खिडकीत, करू नका, तिथे एससी म्हणजे फाइलमध्ये मजकूर लिहायची कमांड आहे, एरर काहीच येत नाही, आपल्याला वाटतं काम झालं, आणि खरं तर डिलीट नावाची एक फाइल तयार होऊन बसते. बहिणीच्या लॅपटॉपवर ती फाइल मी स्वतः बघितली. विंडोज 11 च्या टर्मिनलमध्ये सहसा पॉवरशेलच उघडतं, तेव्हा वरच्या टॅबवरचं नाव वाचूनच टाइप करा.

उरलेले फोल्डर तीन ठिकाणी बघा: प्रोग्राम फाइल्स, प्रोग्रामडेटा आणि आपल्या युजर फोल्डरमधल्या अ‍ॅपडेटातलं रोमिंग. तिन्हीकडे मायएसक्यूएल नावाचा फोल्डर असेल तर काढा, वर्कबेंचची जुनी कनेक्शन्स त्या तिसऱ्यातच असतात. पाथमध्ये (विंडोज प्रोग्राम कुठे शोधतं त्या फोल्डरांच्या यादीत) हाताने मायएसक्यूएलचं काही टाकलं असेल तर तेही काढा. रजिस्ट्री क्लीनर वगैरे डाउनलोड करायची काही गरज नाही, नवीन माणसाने तर नकोच.

रीस्टार्ट करा. मग परत टाकताना 3306 पोर्ट (सर्व्हरशी जोडायचा नंबर) वापरात आहे असं आलं तर क्झॅम्प (वेबसाइट बनवायला लागणारे सर्व्हर एकत्र देणारं पॅकेज) आहे का बघा, त्यात मारियाडीबी हा मायएसक्यूएलसारखाच डेटाबेस येतो आणि तोही हाच पोर्ट धरतो, तो विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमधून नव्हे, क्झॅम्पच्याच पॅनेलमधून स्टॉप करा. सगळं नीट निघालं असेल तर इन्स्टॉल करताना करंट पासवर्ड विचारत नाही, नवीन रूट पासवर्ड दोनदा टाकायला सांगतो. बहिणीला ती स्क्रीन रात्री पावणेबाराला दिसली, आणि मी तिला पहिल्यांदा पासवर्ड वहीत लिहायला लावला आणि मगच नेक्स्ट दाबायला सांगितलं.