स्पितीला जायचंय? मग सिमल्यावरून चढा

हिमाचलमधल्या स्पिती खोऱ्याचं नाव काढलं की आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला: "मनालीवरून एका दिवसात पोचतो ना हो?" पोचता. साधारण जून ते ऑक्टोबर कुंझुम खिंड उघडी असते, गाडीवाला संध्याकाळपर्यंत काझ्याला, म्हणजे स्पितीच्या मुख्य गावी, सोडतोही. पण आपलं इंदूर साडेपाचशे मीटरवर, काझा साडेतीन हजारांच्या वर, आणि लांगझा, हिक्किम, कोमिक ही गावं ४,४०० मीटर आणि त्याहून उंच. तिथल्या हवेत ऑक्सिजन इथल्या साठ टक्क्यांच्या आसपास. शरीराला हे एका दिवसात पटत नाही.

म्हणून मालवा एक्सप्रेसने अंबाल्याला उतरा, तिथून सिमला. मग नारकंडा, कल्पा, ताबो असे मुक्काम करत काझा. काझ्यात दोन रात्री तरी काढाच. ताबोचा मठ ९९६ सालचा. बाहेरून नुसत्या मातीच्या भिंती. आत डोळे अंधाराला सरावले की भित्तिचित्रं एकेक करून दिसायला लागतात. आत फोटो काढू देत नाहीत, तेच बरं आहे. मनालीचा रस्ता परतीला ठेवा.

डोकं ठणकलं, मळमळलं, तर "प्रवासाचा शीण" म्हणून उडवून लावू नका. जिथे आहात तिथेच थांबा, वर चढायचं नाव नको. चालताना झोक जायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर रात्र असो की पाहुणचार, आधी खाली उतरा. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, घ्यायची तर इथूनच डॉक्टरांना विचारून. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर ती सांगा. दारू बंद. रोजच्या आंघोळीचा हट्टही सोडा.

लांगझ्यात किंवा कोमिकला कुणाच्या तरी घरीच राहा. पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळतं, डाळ कुकरशिवाय शिजत नाही, तेव्हा जेवण हवं असेल तर वेळेवर सांगा. संडास कोरडे असतात: मातीच्या जमिनीत भोक, शेजारी मातीचा ढीग आणि फावडं. लोटाभर पाणी ओतू नका, वरून माती ढकला. त्याचंच खत होऊन शेतात जातं.

सोबत सेव न्यालच, आपण इंदूरचे. बंद पाकीट वर जाता जाता उशीसारखं टम्म फुगतं आणि बॅगेत फुटलं की सगळे स्वेटर लवंगी सेवेचे. निघतानाच डब्यात भरा. रिकामी पाकिटं, बाटल्या मात्र परत आणायच्या; ओला-सुका वेगळा करायला इथे शिकलोच आहोत, तिथे घंटा वाजवत कचरागाडी येत नाही.

लांगझ्यात मुलं शंखासारखे जीवाश्म दाखवतात, जुन्या टेथिस समुद्रातले. बघा, कौतुक करा, विकत घेऊ नका. हिक्किमचं पोस्ट ऑफिस १९८३ पासून चालू आहे. घरच्यांचे पत्ते पिनकोडसकट इथूनच लिहून न्या, मोबाइलला रेंज असेलच असं नाही. आणि रोख पैसे सिमल्यातच काढा. काझ्यात एटीएम आहे, पण त्यात नोटा असतील या भरवशावर जाऊ नका.