संगणकशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासाचे पहिले सत्र

ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठात प्रवेश मिळाल्यावर संशोधनाचा विषय ठरवण्याची घाई करू नये. आधी एकच शोधनिबंध तीनदा वाचावा, म्हणजे प्रथम सारांश, आकृत्या आणि निष्कर्ष, मग पद्धती, आणि शेवटी कागद-पेन घेऊन त्यातील सिद्धता स्वतः मांडून पाहावी. या तिसऱ्या वाचनात माझे दोन-दोन दिवस मोडत, आणि त्यात वावगे काही नाही.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या विकासासाठी २००५ साली निर्माण झालेले गिट, म्हणजे कोडमधील बदलांची नोंद ठेवणारे साधन, लगेच शिकावे. प्रत्येक प्रयोगासोबत डेटासेट, रँडम सीड (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणारी संख्या) आणि कोडची आवृत्ती वहीत नोंदवावी. पावसाळ्यात वीज जाते, तेव्हा रात्रभर चालणारा प्रोग्राम दर तासाला मधली स्थिती डिस्कवर लिहील, अशी सोय ठेवावी. मार्गदर्शकांकडे जाताना अडलेली नेमकी ओळ आणि आलेला एरर सोबत न्यावा.