कॉलेजला देणगी देताय? प्रयोगशाळेला कुलूप लावणाऱ्या या चुका टाळा

रौप्यमहोत्सवी गेट-टुगेदर ठरलं की बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिला प्रश्न येतो, ‘कॉलेजला काय द्यायचं?’ आणि चार मेसेजच्या आत उत्तरही ठरतं: थ्रीडी प्रिंटर किंवा सीएनसी मशीन (संगणकाच्या सूचनांवर धातू कापणारं यंत्र), वर बॅचच्या नावाची पाटी. भावना खरी असते, पैसेही कष्टाचे असतात. पण दोन वर्षांनी जाऊन पाहावं तर बऱ्याच ठिकाणी मशीनवर प्लास्टिकचं कव्हर आणि खोलीला कुलूप. मुलांनी स्वतःच्या हाताने काही बनवावं म्हणून दिलेला पैसा मुलांपर्यंत पोचतच नाही. इंजिनिअरिंग कॉलेजांमध्ये हे वारंवार घडतं, आणि त्याची कारणंही ठरलेली आहेत.

यंत्र दिलं, चालवायचा खर्च दिला नाही

सगळ्यात मोठी चूक हीच. थ्रीडी प्रिंटरचंच घ्या. फिलामेंटचं, म्हणजे वस्तू ज्याची बनते त्या प्लास्टिकच्या तारेचं, रीळ संपतं; वितळलेलं प्लास्टिक सोडणारं नोझल चोंदतं. पावसाळ्यात उघड्यावर राहिलेलं फिलामेंट हवेतला ओलावा शोषून घेतं. मग प्रिंट चालू असताना नोझलमधून चटचट आवाज येतो, वस्तूवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे लोंबतात, पृष्ठभाग खडबडीत निघतो. मुलांना वाटतं, मशीन बिघडलं. खरं तर हवाबंद डबा, सिलिका जेलच्या पुड्या आणि फिलामेंट वाळवायचा छोटा ड्रायर एवढ्यावर काम भागतं. पण ही किरकोळ खरेदी खर्चाच्या कोणत्या हेडखाली टाकायची हेच ठरलेलं नसतं. अर्ज विभागप्रमुखांकडे जातो, तिथून अकाउंट्सला, आणि तोवर सेमिस्टर संपतं.

सीएनसीचं तर याहून अवघड. थ्री-फेज वीजजोडणी, कूलंट, कटिंग टूलचे इन्सर्ट (झिजले की बदलायची पाती), वार्षिक देखभालीचा करार आणि मशीन चालवणारा माणूस, यातलं एक जरी नसलं तरी मशीन बंद पडून राहतं.

म्हणून दहा लाख जमले असतील तर दहा लाखांचं मशीन घेऊ नका. पाच-सहा लाखांचं घ्या, उरलेले पैसे चालवण्यासाठी ठेवा. कॉलेजकडे मशीन आधीपासूनच असेल तर सगळी रक्कम कॉर्पसमध्ये, म्हणजे मुद्दल न मोडता फक्त व्याज वापरायच्या निधीत, टाकणं मला जास्त पटतं. दहा लाखांवर ७ टक्के व्याज धरलं तर वर्षाला ७०,००० रुपये येतात. फिलामेंट, इन्सर्ट, तुटलेले प्रोब, इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग यांसाठी ही रक्कम पुष्कळ आहे. मात्र ट्रस्टच्या कॉलेजला देताना ‘ही देणगी कॉर्पससाठी आहे’ असं लेखी द्या. तसं नसेल तर ती त्या वर्षाचं उत्पन्न धरली जाते, आणि करसवलत टिकवायची तर ट्रस्टला उत्पन्नाचा ८५ टक्के भाग खर्च करावा लागतो.

डेडस्टॉक रजिस्टरची भीती

बाहेरच्यांना ही गोष्ट सहसा कळत नाही. मशीन आलं की त्याची नोंद डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे कॉलेजच्या टिकाऊ वस्तूंच्या वहीत, होते आणि ते एखाद्या प्राध्यापकाच्या किंवा लॅब असिस्टंटच्या ताब्यात जातं. उद्या मुलाच्या हातून काही तुटलं तर जाब त्यांना द्यावा लागतो. निर्लेखनाची (निकामी वस्तू वहीतून काढून टाकण्याची) प्रक्रिया लांबलचक, त्यामुळे मोडलेलं मशीनही वर्षानुवर्षं जागा अडवून बसतं. अशा वेळी कुलूप लावणं हाच त्या माणसाला सुरक्षित मार्ग वाटतो. त्याला दोष देऊन काहीच साधत नाही.

उपाय देणगीच्या पत्रातच घाला. ‘हे साहित्य विद्यार्थ्यांनी हाताळण्यासाठी आहे, वापरात होणारी मोडतोड अपेक्षित आहे, दुरुस्तीचा खर्च देणगीतून भागवावा’ अशी तीन वाक्यं असली आणि प्राचार्यांनी त्यावर सही केली की लॅब असिस्टंटचा जीव भांड्यात पडतो. हे पत्र प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावायला सांगा.

किल्ली कोणाकडे, हे विचारलंच नाही

तास संपतात साडेचार-पाचला. मुलं मोकळी होतात तेव्हाच, आणि वर्कशॉपही बंद होतं तेव्हाच. आयआयटी मुंबईतली टिंकरर्स लॅब विद्यार्थीच चालवतात आणि ती रात्रीही उघडी असते. प्रत्येक कॉलेजला तेवढं जमणार नाही, पण संध्याकाळी सहा ते नऊ एक प्रशिक्षित सहायक बसवता येतो. त्याचं मानधन देणगीतून द्या. पाटीवर नाव येणार नाही, पण माझ्या मते वर्कशॉपसाठी याहून चांगली देणगी नाही. सोबत तिसऱ्या वर्षाच्या काही मुलांना सुरक्षेचं रीतसर प्रशिक्षण देऊन जबाबदारी सोपवा.

एकदाच दिलं आणि विसरलो

पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला ‘स्वयम्’ हा साधारण एक किलोचा उपग्रह २२ जून २०१६ रोजी इस्रोच्या पीएसएलव्ही-सी३४ रॉकेटमधून अवकाशात गेला. असं काम एका बॅचचं नसतं. सीनियर पास होऊन जातात, ज्युनियर पुढे नेतात. मधल्या एका वर्षी पैसे आटले तर तेवढ्यात शिकलेली टीमच विखुरते. म्हणून पाच लाख एकरकमी देण्यापेक्षा पाच वर्षं दरवर्षी एक लाख द्या, आणि पुढचा हप्ता ‘गेल्या वर्षी किती मुलांनी काय बनवलं’ या एका पानाच्या अहवालाला जोडा.

२०२३ मध्ये इन्फोसिसचे सहसंस्थापक नंदन नीलेकणी यांनी, आयआयटी मुंबईचे माजी विद्यार्थी म्हणून, संस्थेला ३१५ कोटी रुपये दिले. तशा संस्थेत देणगीदारांसाठी स्वतंत्र कार्यालय असतं, ते पाठपुरावा करतं. जिल्ह्याच्या ठिकाणच्या कॉलेजात ते काम बॅचमधल्याच दोघा-तिघांना करावं लागतं. कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या नॅक या संस्थेच्या मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांच्या योगदानाचा विचार होतो, त्यामुळे आकडा कॉलेजलाही हवाच असतो. अटींवर बोलायची ही चांगली संधी आहे, संकोच करू नका.

कागदपत्रांतल्या अडचणी

रोख २,००० रुपयांहून जास्त दिले तर देणगीवर आयकरात मिळणारी, ‘८०जी’ नावाने ओळखली जाणारी वजावट मिळत नाही. वस्तुरूपात दिलेल्या मशीनवरही नाही. नवी करप्रणाली निवडली असेल तर तिच्यात ही वजावटच नाही. नुसत्या पावतीवर थांबू नका, आयकर पोर्टलवरून निघणारं देणगी प्रमाणपत्र मागा.

परदेशातल्या मित्रांचं वेगळं. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी मित्राने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम परदेशी देणगी ठरत नाही. पण अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्याची, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरी, ठरते. खासगी ट्रस्टच्या कॉलेजला ती घ्यायची तर एफसीआरए (परदेशी देणग्यांवरचा कायदा) खाली नोंदणी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतलं खातं लागतं. ‘माझ्या खात्यावर पाठव, मी भरतो’ हा उपाय करू नका, कॉलेज गोत्यात येईल.

पैसे भरण्याआधी बॅचमधल्या दोघांनी एकदा कॉलेजात जावं. प्राचार्यांच्या केबिनमधला चहा नंतर, आधी वर्कशॉप. लॅब असिस्टंटला विचारा, ‘साहेब, गेल्या महिन्यात मुलांचं काम कशामुळे अडलं?’ तो जे सांगेल, त्यावरून यादी करा.