‘टेक’ म्हणजे केवळ ‘घेणे’ नव्हे

इंग्रजीतील ‘टेक’ या क्रियापदाचा अर्थ आपण शाळेपासून ‘घेणे’ असा पाठ केलेला असतो आणि गोळी घेणे, सुटी घेणे, काळजी घेणे येथवर तो उत्तम चालतो. पुढे मात्र ‘टेक’नंतर कोणते नाम आले आहे, ते पाहूनच मराठी क्रियापद ठरवावे लागते. फोटो आपण काढतो, टॅक्सी करतो, लोकल पकडतो. इंग्रजीत या तिन्ही ठिकाणी ‘टेक’ चालते.

सर्वाधिक घोटाळा परीक्षेच्या बाबतीत होतो. माझ्याकडे मुलाखतीची तयारी करायला येणारी परळची एक विद्यार्थिनी ‘आय गेव्ह माय एक्झाम इन एप्रिल’ असे सहज म्हणून गेली. मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो आणि शिक्षक ती घेतात, तेव्हा तिचे वाक्य मराठीच्या चालीवर अगदी बरोबर होते. इंग्रजीत मात्र दिशा उलटी असते, म्हणजे विद्यार्थी ‘टेक’ करतो आणि शिक्षक ‘गिव्ह’ करतात. भारतात तिचे म्हणणे कोणालाही कळेल, पण परदेशातील ऐकणारा तिलाच परीक्षक समजू शकतो. मी तिच्याकडून ‘आय टुक द एक्झाम’ हे वाक्य दहा वेळा मोठ्याने म्हणवून घेतले, कारण नियम कळला तरी जिभेला वळण लागल्याखेरीज ही चूक सुटत नाही.

वेळ सांगतानाही रचना बदलते. ‘दादरहून ठाण्याला जायला मला अर्धा तास लागतो’ या वाक्याचे इंग्रजी ‘इट टेक्स मी हाफ ॲन अवर’ असे सुरू होते. तेथील ‘इट’ला मराठीत प्रतिशब्द शोधत बसू नये.

रूपे टेक, टुक, टेकन अशी आहेत. हा शब्द मूळचा इंग्रजीचा नव्हे. तो स्कँडिनेव्हियन लोकांच्या जुन्या नॉर्स भाषेतून आला आणि त्याने ‘निमन’ या जुन्या इंग्रजी क्रियापदाला हटवले.

‘टेक’ आणि ‘ब्रिंग’ यांत गोंधळ होत असेल, तर मराठीचाच आधार घ्यावा. आई घरातून निघणाऱ्या मुलाला ‘डबा ने’ म्हणते, तेथे ‘टेक’. संध्याकाळी तिनेच फोनवर ‘येताना रिकामा डबा आठवणीने आण’ असे बजावले, तर ‘ब्रिंग’.